भूक गेली, पण खाण्याची ओढ जाईना (वजनाच्या सर्जरीनंतर आठ महिने)

कडकभाकरी (२ जानेवारी, रात्री ११:४०)

नमस्कार सगळ्यांना. धागा काढू की नको करत तीन दिवस गेले, आज लिहूनच टाकते. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, वय ३९. मे महिन्यात पुण्यात स्लीव्ह सर्जरी (वजनासाठी जठर लहान करतात ती) झाली. तेव्हा ११८ किलो होते, आज ८४. शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्यात, रात्री नाकाला मशीन लावून झोपायचं बंद झालंय, जिना चढताना गुडघा धरावा लागत नाही. हे आधीच सांगतेय कारण मला सर्जरीचा पश्चात्ताप अजिबात नाहीये आणि पुढचं वाचून कुणी तसा अर्थ काढू नये.

तीन दिवसांपूर्वी वेळ अमावस्येला आम्ही सगळे अक्कलकोटकडं मामाच्या शेतात होतो. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मग सगळ्यांची पंगत. भज्जी (तळलेली नाही, सगळ्या भाज्या एकत्र करून केलेली), बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील, खीर. भज्जी माझ्या मामीच्या हातची, आणि ती वर्षातनं एकदाच मिळते. मी चार घास घेतले. पाचवा नीट न चावता गिळला आणि छातीत अडकला. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना माहीत असेल ते दुखणं, मान खाली घालून कडब्याच्या मागं गेले, तोंडात नुसता फेस येत होता. पाच मिनिटांनी मोकळं झालं आणि परत येऊन बसले तर सगळे जेवतायत, हसतायत, एकमेकांच्या ताटात वाढतायत, आणि मला हाताचं काय करावं तेच कळेना. मामा म्हणाला "अगं खा की, तुझ्यासाठी म्हणून उंडे जास्त केलेत". मला एकदम रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं पोटात दुखतंय.

मला भूक नव्हती. हेच कुणाला समजावता येत नाहीये. पोटात जागा नाही, भूक नाही, तरी खावंसं वाटणं आहे तसंच आहे.

मी सहावीत असताना वडिलांची मिल बंद पडली. आई विड्या वळायची, वडील दिवसभर गप्प बसून असायचे. संध्याकाळी आई भाकरी टाकायला बसली की आम्ही चौघं चुलीपाशी जमायचो, भाकरी, शेंगाची चटणी, वर कच्चं तेल, कधी दही. तेवढा अर्धा पाऊण तास घरात कुणी कुणावर चिडायचं नाही. मला वाटतं मी तेव्हापासून तो अर्धा तासच खात आलेय. लग्नानंतर, डिलिव्हरीनंतर, वडील गेले तेव्हा, प्रत्येक वेळी रात्री भांडी झाली की ओट्यापाशी उभी राहून भाकरी आणि चटणी. आता साडेनऊ वाजतात, भांडी होतात, मी चटणीचा डबा उघडते, वास घेते आणि बंद करते. मग झोपेपर्यंत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं.

बाहेर सगळे "किती बारीक झालीस गं, आता काय मजा आहे" म्हणतात. मी हो हो म्हणते. घरात कुणापाशी बोलू? एवढा खर्च केला, आणि आता ही चटणीसाठी रडते म्हणतील.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? काय केलंत?

होटगीरोड (३ जानेवारी, सकाळी ७:१५)

कडकभाकरी, तुमचं वाचून माझी दोन वर्षं डोळ्यासमोर आली. माझी पण स्लीव्हच, आता सव्वादोन वर्षं झाली.

आधी एक गोष्ट, कारण मला ती उशिरा कळली आणि कळल्यावर फार सुटल्यासारखं झालं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीनचतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. म्हणून भूक कमी होते. पण चुलीपाशी बसायची ओढ जठरात नसते ना. ती काही सर्जन काढत नाही आणि काढू शकतही नाही. आपण समजतो दोन्ही एकच आहे, कारण इतकी वर्षं दोन्ही एकाच वेळी लागत होतं.

तुम्हाला जे होतंय त्याला मी सरळ दुखवटा म्हणेन. माणूस गेल्यावर आपण तेरा दिवस तरी देतो. ज्या गोष्टीनं तीस वर्षं सांभाळलं ती गेली तर एक दिवसही द्यायचा नाही, उलट लोकांनी पेढे मागायचे, हे कसं जमावं?

मी पहिले सहा महिने जेवायच्या वेळी बेडरूममध्ये जाऊन बसायचे. वाटायचं समोर नको. ती चूक होती, माझ्या बाबतीत तरी. मी जेवणापासून लांब जात नव्हते, घरच्यांपासून लांब जात होते. आता छोटी ताटली घेऊन सगळ्यांबरोबर बसते, आधी डाळ किंवा अंडं किंवा पनीर, मग दोन घास माझ्या आवडीचे, आणि ते दोन घास कुठले हे मी सकाळीच ठरवते. निवड माझी असली की मन कमी ओढतं.

सीनाकाठ (३ जानेवारी, सकाळी ९:०२)

राग मानू नका पण मला हे पटत नाही. आजार होता, ऑपरेशन झालं, वजन उतरलं, शुगर गेली. लाखो लोकांना हे मिळत नाही. मनावर ताबा ठेवायचा आणि पुढं जायचं. खाण्यासाठी रडणं म्हणजे अती होतंय.

होटगीरोड (३ जानेवारी, सकाळी ९:३०)

सीनाकाठ, ताबा ठेवून जमलं असतं तर कुणीच पोट कापून घेतलं नसतं. ताई कृतज्ञ आहेत, सुरुवातीलाच लिहिलंय. कृतज्ञ माणसाला दुःख होत नाही असं थोडंच आहे.

लूमवाला (३ जानेवारी, दुपारी ३:५०)

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण ताईंनी "हाताचं काय करावं तेच कळेना" लिहिलंय ना, त्या एका ओळीसाठी लिहितोय.

माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोडला. चार वर्षांपूर्वी वजनासाठीची बायपास झाली, स्लीव्ह नाही. बायपासमध्ये जठराची अगदी लहान पिशवी ठेवतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. १३६ वरून ९१ वर आलो. पहिलं वर्ष हवेत होतो. पण आमची मंडळी दर शनिवारी धाब्यावर बसणारी, वीस वर्षांची सवय, शीक, भाकरी, रस्सा, आणि मी त्यात सगळ्यात खाणारा म्हणून प्रसिद्ध. माझ्या खाण्यावर सगळे खुश व्हायचे, "अण्णा आला का, मग आन अजून एक प्लेट". आता माझ्यासमोर ताट ठेवलं तर दोन तुकड्यांत संपलं. मंडळी दोन तास जेवणार आणि मी काय करणार? मग हातात ग्लास आला. आधी मी वर्षातनं दोनदा घेणारा माणूस. हात रिकामा नको म्हणून धरलेला ग्लास दोन वर्षांत रोजचा झाला.

आणि हे नीट वाचा सगळ्यांनी, मला कुणी सांगितलं होतं का तर सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. ऑपरेशननंतर दारू फार पटकन रक्तात जाते आणि फार वर चढते. पूर्वी तीन पेगला जे व्हायचं ते एकात. आणि बायपास झालेल्यांमध्ये दुसऱ्या वर्षापासनं दारूचा त्रास वाढतो असं अभ्यासात दिसलंय, माझ्या डॉक्टरांनी नंतर मला हेच दाखवलं. मी एकटा नालायक नव्हतो, हा माहीत असलेला धोका होता आणि मी त्याच वाटेनं गेलो.

बायको माहेरी गेली तेव्हा थांबलो. मानसोपचारतज्ज्ञाकडं गेलो, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो, चौदा महिने झाले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवणाच्या टेबलावर तुम्ही कोण होता?" मी म्हणलं, खाणारा. ते म्हणाले, मग आता ती जागा रिकामी आहे, तिथं कोण बसणार ते आपण ठरवू, नाहीतर दुसरं काहीतरी येऊन बसेल.

ताई, तुमचं साडेनऊचं जे आहे ते मोकळं सोडू नका. दारूच येईल असं नाही, कुणाचं ऑनलाइन खरेदीवर जातं, कुणाचं दिवसभर थोडं थोडं चरत राहण्यावर.

कडकभाकरी (३ जानेवारी, रात्री १०:१०)

लूमवाला अण्णा, तुम्ही एवढं उघडं लिहिलंत, काय बोलू. चौदा महिने म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

चरत राहण्याचं लिहिलंत आणि मला धस्स झालं. भाकरी अडकते पण बिस्किट अडकत नाही, चिवडा अडकत नाही. गेल्या महिन्यात रात्री मी चिवड्याची वाटी घेऊन बसते, एक चमचा, दहा मिनिटांनी एक चमचा, दीड तास. हे मी वरच्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. लाज वाटली.

आहारसखी (४ जानेवारी, सकाळी ११:२०)

मी आहारतज्ज्ञ आहे, अशा सर्जरीनंतरच्या पेशंटबरोबर काम करते. तुमची केस माहीत नसताना सल्ला देणं बरोबर नाही, म्हणून सगळ्यांना लागू होतं तेवढंच सांगते.

लाजण्यासारखं काहीच नाही. मऊ आणि कुरकुरीत कोरडे पदार्थ लहान जठरातनं सरकत खाली जातात, पोट भरल्याचा दाब येतच नाही, म्हणून ते तासभर खाता येतात. मऊ ताज्या भाकरीचा गोळा होतो म्हणून ती अडकते, आणि तुमच्या नावातली कडक भाकरी बहुतेकांना त्यापेक्षा सोपी जाते, पण तीही हातात धरून चरण्याची वस्तू होऊ शकते. म्हणून ती आमटीबरोबर, ताटलीत, बसून.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन बहुतेकांना सांगतात, ते आधी. पाणी जेवणाबरोबर नको, जेवणानंतर अर्धा तास थांबून. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आयुष्यभराचं आहे, बरं वाटतंय म्हणून सोडू नका. केस गळत असतील तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते होतं आणि बहुतेक वेळा परत येतात. एक मात्र गंभीर आहे, उलट्या वारंवार होत असतील तर थांबू नका, बी१ कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते, सर्जनला दाखवा.

आणि मनाचं. सर्जरीआधी मानसिक तपासणी करतात, पण खरी गरज नंतर लागते, आणि तेव्हा पेशंटला वाटतं आता कशाला जायचं. ज्यांना खूप उदास वाटतंय, जगणं नको वाटतंय, त्यांनी तर वाट बघूच नका. टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

आमचीवहिनी (४ जानेवारी, संध्याकाळी ६:३५)

बाळा कडकभाकरी, मी ६७ वर्षांची आहे, नात टाइप करून देतेय. माझ्या सुनेचं असं ऑपरेशन झालं दीड वर्षापूर्वी. मी तिला रोज म्हणायची, अगं अजून एक घे, अर्धी घे, कोर तरी घे. तिनं नाही म्हणलं की मला वाटायचं माझ्या हातचं नको झालं हिला. मी रुसून बसले होते एकदा चार दिवस. आमच्या वेळी माया दाखवायची दुसरी रीत नव्हती गं. नवऱ्याला कधी "कसे आहात" विचारलं नाही, गरम भाकरी ताटात टाकली. पोरांना कुशीत घ्यायला वेळ नव्हता, शेंगापोळीवर तूप जास्त सोडलं. आता तेच कुणी घेईना तर मी देऊ काय?

एक दिवस सून म्हणाली, आई तुम्ही मला खाऊ घालू नका, माझ्यापाशी बसा. मला आधी राग आला, मग समजलं. आता रात्री आम्ही दोघी दुसऱ्या दिवसाची भाजी निवडतो. मेथी, शेपू, हरभऱ्याची भाजी, काय असेल ते. ती तिच्या ऑफिसचं सांगते, मी माझ्या माहेरचं सांगते. हात चालू असतात. तुझ्या मामालाही बहुतेक माझ्यासारखंच वाटलं असेल, उंडे जास्त केले म्हणाला ना तो.

विजापूरनाका२४ (४ जानेवारी, रात्री ८:५०)

आजी, रडवलंत. माझी सर्जरी फेब्रुवारीत ठरलीय. मी आता घाबरलेय खरंतर. नको करू का?

होटगीरोड (४ जानेवारी, रात्री ९:०५)

तो निर्णय तू आणि तुझे डॉक्टर घ्या, धाग्यावरनं नको. पण एक कर, आत्तापासनं महिनाभर वहीत लिही की भूक नसताना कधी खातेस आणि तेव्हा काय झालेलं असतं. मी हे ऑपरेशननंतर केलं, आधी केलं असतं तर पहिलं वर्ष एवढं जड गेलं नसतं. आणि समुपदेशकाची पहिली भेट सर्जरीआधीच घेऊन ठेव.

बाळीवेस (५ जानेवारी, दुपारी १२:१५)

मी नवऱ्याच्या बाजूनं विचारतो. बायकोचं ऑपरेशन होऊन पाच महिने झालेत. मी तिच्यासमोर जेवावं की नको? मी चोरून बाहेर खाऊन येतो, तिला त्रास नको म्हणून. तिला वास येतो आणि ती गप्प होते.

कडकभाकरी (५ जानेवारी, दुपारी १:४०)

दादा, मी तुमच्या बायकोच्या जागी असते तर चोरून खाण्यानं जास्त दुखलं असतं. म्हणजे घरात माझ्यामुळं एक गोष्ट लपवावी लागते असं. तिलाच विचारा की, "तुझ्यासमोर जेवलो तर चालेल का, काय नको तुला बघायला?" कदाचित ती एखादाच पदार्थ सांगेल. मला चिकन मटणाचं काही वाटत नाही, मला फक्त तव्यावरनं भाकरी फुगताना बघवत नाही. आणि ती थांबली की "बास?" असं विचारू नका, तो प्रश्न दिवसातनं सहा वेळा येतो आम्हाला.

सीनाकाठ (६ जानेवारी, रात्री ११:५५)

त्या दिवशी मी कडक बोललो. माझ्या धाकट्या भावाचं ऑपरेशन झालंय जुलैमध्ये. तो हल्ली बोलत नाही कुणाशी, जेवायच्या वेळेला गाडी घेऊन निघून जातो. मला वाटत होतं माजलाय, एवढं केलं त्याच्यासाठी तरी तोंड पाडून. हा धागा मी तीनदा वाचला. त्याला काय म्हणू?

लूमवाला (७ जानेवारी, सकाळी ६:२०)

काही म्हणू नका. गाडीत शेजारी बसा. आणि तो जातो कुठं ते बघा, मी पण गाडी घेऊनच जायचो.

कडकभाकरी (१७ जानेवारी, रात्री १०:३०)

दहा-बारा दिवस आले नाही, सण आणि गड्डा (आमची सिद्धेश्वरांची यात्रा). बरंच झालं मधे.

पहिलं म्हणजे सर्जनला फोन केला, अडकण्याचं सांगितलं. तपासणी केली, अरुंद झालेलं काही नाही, माझंच घाईनं खाणं. आता घड्याळ लावून वीस मिनिटं. एका समुपदेशक बाईंकडं दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी मी चाळीस मिनिटं फक्त वडिलांच्या मिलचं बोलत होते, खाण्याचा विषय निघालाच नाही. बाहेर आल्यावर लक्षात आलं की तोच विषय होता.

भोगीला आईकडं गेले. आई आता ७१ ची आहे, गुडघ्यामुळं खाली बसत नाही, गॅसवर बाजरीची भाकरी टाकते. मी तिला पहिल्यांदा सांगितलं की आई मला भाकरीची नाही, तुझ्यापाशी बसायची आठवण येते, मिल बंद झाली तेव्हा आपण बसायचो तशी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यावेळी पीठ पुरावं म्हणून मी भाकरी पातळ थापायची, तुम्हाला कळू नये म्हणून चटणी तिखट करायची." तीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी ज्याला माया समजत होते त्यात तिची एवढी काळजी होती. आम्ही दोघी तिथंच ओट्यापाशी रडलो. भोगीची भाजी मी तीन चमचे खाल्ली, भाकरी नखाएवढी, तीळ लावलेली, आणि ती चांगली लागली. अडकली नाही.

अक्षतेच्या दिवशी, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या लग्नाला, तलावाकाठी गर्दीत उभे होते. दरवर्षी मी तिथं पाय दुखतात म्हणून कडेला बसायचे आणि काहीतरी खात असायचे. यंदा दोन तास उभी राहिले, संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या तेव्हा माझ्या मुठीत पण होत्या. नंतर पोरांना घेऊन होम मैदानावर गेले, भज्याचा वास आला आणि हो, पोटात कालवलं. नाही असं सांगणार नाही. पोरांनी भजी खाल्ली, मी एक भजं फोडून आतला कांदा खाल्ला आणि त्यांच्याबरोबर पाळण्यात बसले. आधी त्या पाळण्याची कडी मला लागायची नाही.

साडेनऊचं अजून सुटलेलं नाही. चिवडा घरात आणत नाही सध्या. आजी, तुमचं ऐकून मी भाजी निवडायला घेते, मोठी मुलगी कधी येते कधी नाही. ज्या दिवशी ती येत नाही त्या दिवशी जड जातं. काल चटणीचा डबा उघडला, अर्धा चमचा ताटलीत घेतली, दह्यात कालवली, खुर्चीवर बसून खाल्ली आणि डबा बंद केला. उभं राहून नाही. रडू आलं, पण वेळ अमावस्येसारखं नाही.

आमचीवहिनी (१८ जानेवारी, सकाळी ८:१०)

पोरगी येत नाही त्या दिवशी आईला फोन लाव बाळा. तिची पण भाजी निवडायची असतेच की.

सीनाकाठ (१८ जानेवारी, दुपारी २:२५)

भाऊ कंबर तलावाला जाऊन बसतो. मी दोनदा गेलो बरोबर. काल स्वतःहून बोलला थोडं. त्याला हा धागा दाखवू का, चालेल का ताई?

कडकभाकरी (१८ जानेवारी, दुपारी २:४०)

दाखवा की दादा. आणि त्यांना लिहायचं असेल तर लिहू दे.

लूमवाला (१८ जानेवारी, रात्री ९:३०)

सीनाकाठ, मी रोज सकाळी साडेसहाला तिथंच चालायला असतो. भावाला सांगा, निळं स्वेटर घातलेला माणूस. बोलायलाच पाहिजे असं नाही, नुसतं चाललं तरी चालतंय.